गेम बॉय ॲडव्हान्स: आयपीएस स्क्रीनचा मॉड फसला, टीपी८ उखडला, आता चालूच होत नाही. बोर्ड वाचेल का?

कार्ट्रिजफुंक्या (धागाकर्ता)

मंडळी, गेम बॉय ॲडव्हान्सला नवी आयपीएस स्क्रीन बसवताना घोळ झाला, सोल्डरिंग आयर्न बंद करून ठेवलंय. आधी सगळी माहिती देतो, मग प्रश्न.

कन्सोल एजीबी-००१, ४० पिनांच्या रिबनचा (स्क्रीन जोडणाऱ्या चपट्या पट्टीचा) बोर्ड. किट आयपीएस व्ही२. ब्राइटनेससाठी बटणांच्या तीन वायर लावायच्या होत्या: सिलेक्ट टीपी२ वर, आर टीपी८ वर, एल टीपी९ वर. आयर्न साधं २५ वॅटचं, तापमानाचं बटण नसलेलं.

टीपी८ चं पॅड (तांब्याचा ठिपका) वायरसकट निघून आलं आणि सोबत साधारण ३ मिमी ट्रेसही (बोर्डवरची तांब्याची रेघ) सोलून निघाला. टीपी९ वर सोल्डरचा मोठा गोळा बसलाय. रिबनचा कनेक्टर उघडताना स्क्रूड्रायव्हर घसरला, त्याने कनेक्टरजवळच्या तीन बारीक ट्रेसवर आडवा ओरखडा पडलाय. एवढं होऊनही कन्सोल एकदा चालू झाला होता. आर बटण मेलेलं, आणि लाल रंग पट्ट्यापट्ट्यांचा, मळकट दिसत होता. किट काढून परत बसवलं, सेल घातले, तेव्हापासून पॉवरचा दिवाही लागत नाही.

प्रश्न: सुरुवात कुठून करू? आणि उखडलेलं पॅड परत चिकटवता येतं का?

ओहमकार

पॅड कचऱ्यात टाका. टीपी म्हणजे टेस्ट पॉइंट. कारखान्यात तपासणीची सुई टेकवायला ठेवलेला तांब्याचा ठिपका, त्यावर कुठला पार्ट बसत नाही. आर बटणाची लाइन बोर्डवर जिथे जिथे उघडी सापडेल, तिथे तिथे तुमचा टीपी८ आहे. आर बटण स्वतः बोर्डच्या कडेला सोल्डर केलेलं आहे, त्याचा सिग्नलचा पाय ही टीपी८ चीच लाइन. तो पाय टीपी८ पेक्षा दसपट दणकट आहे.

क्रम असा ठेवा: आधी पॉवर, मग बटणं, शेवटी चित्र. उलटा क्रम लावलात तर शॉर्ट असलेल्या बोर्डला पुन्हा पुन्हा सेल लावत बसाल आणि आज जे शाबूत आहे तेही जाईल.

आज रात्री फक्त तीन गोष्टी करा. किटची रिबन पूर्ण काढा, तिन्ही वायर काढा. बोर्ड ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ टूथब्रशने दोन्ही बाजूंनी धुवा. मग दोन्ही बाजूंचे कडेने तिरपा उजेड टाकून फोटो काढा. जळका फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते द्रव्य) साफ केल्याशिवाय कुठला ट्रेस तुटलाय आणि कुठल्यावर नुसता काळा डाग आहे ते कळत नाही. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, कनेक्टरचं आणि बटणांचं प्लास्टिक चिकट होईल.

लॅमिंग्टन_लोकल

+१. आणि सेल नका घालू आता. शॉर्टवर अल्कलाइन सेल काही अँपिअर सहज ओततो, त्याला 'थांब' म्हणणारं फक्त फ्यूज असतं.

भिंगवाला

दिवा न लागण्यामागे बहुधा एफ१ आहे. पॉवरच्या मार्गात स्विचजवळ बसलेला छोटा फ्यूज, बोर्डवर नाव छापलेलं आहे. सेल काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि फ्यूजच्या दोन टोकांवर प्रोब धरा. चांगला असेल तर १ ओहमच्या आत येईल. ओएल (म्हणजे मार्ग तुटलेला) आलं तर गेला.

पण तो लगेच बदलू नका. आधी फ्यूजच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडपर्यंत रेझिस्टन्स मोजा, पॉवर स्विच 'ऑन'कडे सरकवून. ग्राउंडसाठी सेलचं ऋण टोक घ्या. बोर्ड ठीक असेल तर आकडा हळूहळू वर चढत जातो, कारण मीटर कपॅसिटर भरत असतो. १ ओहमच्या खाली अडकून बसला तर शॉर्ट अजून तिथेच आहे, आणि नवा फ्यूजही पहिल्याच्या वाटेने जाईल.

कार्ट्रिजफुंक्या

धुतला. एफ१ ओएल. एका बाजूने ग्राउंडपर्यंत काहीच नाही, दुसऱ्या बाजूने ०.४ ओहम, स्थिर. प्रोब एकमेकांना टेकवले तर ०.२ येतात.

ओहमकार

म्हणजे खरा आकडा ०.२ ओहम. हा खराब चिपचा शॉर्ट वाटत नाही. चिप जळून शॉर्ट झाली की बहुतेक वेळा काही ओहम तरी दाखवते. एवढा कमी आकडा म्हणजे धातूला धातू टेकलाय: सोल्डरचा मणी, वायरचा तुकडा, नाहीतर फुटलेला सिरॅमिक कपॅसिटर.

टीपी९ वर गोळा बसला म्हणता, त्याच झटक्यात शिंतोडेही उडाले असणार. १०एक्स भिंगाने स्विचच्या आसपासचे आणि डीसी-डीसीच्या (सेलचं व्होल्टेज बदलणाऱ्या) भागातले कपॅसिटर एकेक करून बघा. दोन टोकांमधल्या फटीतून लाकडी टूथपिक फिरवा. लोखंडी चिमट्याने खरवडू नका.

आणि किटच्या मागची बाजू तपासा. पॅनलचा मागचा भाग नागडा बोर्डवर दाबला गेला तर उंच कपॅसिटरच्या टोकांना टेकू शकतो. परत बसवताना मध्ये कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी चिकटपट्टी) हवाच, शेल (बाहेरचं आवरण) कितीही घट्ट बसत असलं तरी.

डाखवाली

नजरेला काही सापडलं नाही तर: बेंच सप्लाय ०.५ व्होल्टवर आणि करंट लिमिट १ अँपिअरवर लावून फ्यूजच्या शॉर्ट असलेल्या बाजूला जोडा. एवढ्या व्होल्टेजला चिपमधल्या डायोडला जाग येत नाही, म्हणून ते सुरक्षित. मग बोर्डवर आयपीएचे थेंब पसरा. जिथे सगळ्यात आधी वाळेल तिथे गरम होतंय. अर्थात ०.२ ओहमच्या धातूच्या पुलात १ अँपिअर गेला तरी ०.२ वॅटच निघतो, त्यामुळे निरखून बघावं लागेल.

कार्ट्रिजफुंक्या

सापडला! स्विचच्या बाजूला एका कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये मोहरीपेक्षा लहान मणी. टूथपिकने उडवला. आता आकडा शून्याजवळून निघून किलोओहममध्ये चढत जातो. एफ१ वर काय घालू?

भिंगवाला

१ अँपिअरच्या आसपासचा एसएमडी (थेट पॅडवर सोल्डर होणारा) फ्यूज, पॅडवर बसेल त्या मापाचा. 'तात्पुरती' वायरची तार टाकून तसंच ठेवू नका. ती तात्पुरती तार कायमची होते आणि पुढच्या शॉर्टला बोर्डचा ट्रेस फ्यूजचं काम करतो. मण्याच्या वेळी एफ१ नसता तर आज तुम्ही पॉवरचा ट्रेस शोधत असता.

फ्यूज येईपर्यंत तपासायचं असेल तर जुना फ्यूज तसाच राहू द्या आणि बेंच सप्लायवरून ३.० व्होल्ट, ४०० मिलिअँपिअर लिमिट लावून थेट फ्यूजच्या पुढच्या टोकाला द्या. पुढचं टोक म्हणजे ज्या बाजूला शॉर्ट दिसत होता ते. बेंच सप्लाय नसेल तर दोन पेन्सिल सेलच्या मालिकेत ४.७ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर लावा. पूर्ण शॉर्ट झाला तरी साडेसहाशे मिलिअँपिअरच्या वर जाणार नाही, आणि नेहमीच्या वापरात थोडंच व्होल्टेज खाईल. मूळ स्क्रीनवर दोन सेल साधारण १५ तास चालायचे, त्यावरून हिशोब करा: दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास. तेवढ्याला रेझिस्टरवर ०.७ व्होल्ट पडतील.

स्क्रीन जोडायची गरज नाही. स्पीकर बोर्डलाच वायरने लावलेला असतो. कार्ट्रिजही नको. चालू केल्यावर ओळखीची 'टिंग' ऐकू आली की सीपीयू, क्रिस्टल आणि पॉवर तिन्ही ठीक. आवाज असेल आणि चित्र नसेल तर दोष रिबनच्या बाजूला. एवढ्या एका आवाजाने निम्मा बोर्ड तपासून होतो.

पाचवा_पिन

सेलच्या बाबतीत एक: १४५०० नावाचे लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखे असतात, पण एकेक ३.७ व्होल्टचा. दोन घातले तर ७.४. 'रिचार्जेबल' लिहिलंय म्हणून घालतात लोक. निकेल मेटल हायड्राइड चालतात, दोन मिळून २.४ व्होल्ट.

कार्ट्रिजफुंक्या

टिंग वाजली. दिवा हिरवा. सप्लायवर करंट १०० च्या आत, स्क्रीन नसताना. आता आर बटण.

ओहमकार

आता मीटर डायोड मोडवर. पॉवर बंद, सेल बाहेर, सप्लाय सुटा. लाल प्रोब ग्राउंडवर, काळा प्रोब टीपी० ते टीपी९ एकेकावर. दहाही बटणं सीपीयूच्या सारख्याच प्रकारच्या पिनांवर जातात, म्हणून दहाही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. ओएल म्हणजे लाइन सीपीयूपर्यंत पोचत नाही. ० म्हणजे ग्राउंडला शॉर्ट. दोन बटणं एकमेकांना चिकटली असतील तर ते इथे कळणार नाही, ते कंटिन्यूइटीने तपासा.

आकडा नेमका किती यावा हे विचारू नका, मीटर बदललं की तो बदलतो. शेजारच्या बटणाशी जुळतो का एवढंच बघायचं.

टीपी८ उखडलाय, त्यामुळे तिथे दोन जागी मोजा: आर बटणाच्या पायावर, आणि सोललेल्या ट्रेसच्या पलीकडच्या टोकावर.

कार्ट्रिजफुंक्या

आठ जागी ०.५८ ते ०.६०. टीपी९ ०.००. आर च्या पायावर ओएल. सोललेल्या ट्रेसचं जे टोक सीपीयूकडे जातं तिथे मास्क (ट्रेसवरचा रंगाचा थर) थोडा खरवडून मोजलं: ०.५९.

ओहमकार

म्हणजे सगळं निदान तुमच्या हातात आलं. टीपी९ चा गोळा बाजूच्या ग्राउंडच्या तांब्याला टेकलाय. आत्ता कन्सोल चालू केला तर 'एल कायम दाबलेलं' समजेल. आर ची लाइन मधल्या ३ मिमीत तुटलीय, दोन्ही टोकं जिवंत आहेत.

गोळ्यासाठी आधी फ्लक्स, मग ताजं ६३/३७ सोल्डर थोडं मिसळा, मग २ मिमीची वेणी (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची). जुनं सोल्डर ऑक्सिडाइज झालेलं असतं, कोरड्या वेणीने ते ओढायला गेलात की गरम वेणी पॅडला चिकटते आणि उचलताना पॅड घेऊन येते. वेणी आणि आयर्न एकदमच उचला. वेणी थंड होऊन चिकटलीच तर ओढू नका, परत गरम करा.

डाखवाली

आयर्नबद्दल स्पष्ट सांगते, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बिननियंत्रणाचं २५ वॅटचं आयर्न नुसतं ठेवलं की टोक ४०० अंशांच्या वर जातं. साध्या एफआर४ चं (बोर्ड ज्याचा बनतो त्या साहित्याचं) काचेसारखं कडक असण्याचं तापमान १३० ते १४० अंशांवर संपतं. त्यापुढे तांब्याला धरून ठेवणारं रेझिन रबरासारखं होतं. म्हणून पॅड नुसत्या उष्णतेने उडत नाही, गरम असताना हललं की उडतं. टीपी८ ला नेमकं तेच झालं: सोल्डर गोठायच्या आत वायर हलली किंवा वायरच्या ताणाने पॅड खेचलं.

तापमानाचं आयर्न मिळत असेल तर ३२० अंश, टोक छिन्नीसारखं १ ते १.५ मिमी, टेकवायचं दोन सेकंद. सुईसारखं टोक बारीक कामाला बरं असा समज आहे, पण ते उष्णता पोचवत नाही, मग माणूस दाबतो आणि वेळ वाढवतो. दुसरं आयर्न मिळत नसेल तर टोक ओल्या स्पंजला टेकवून लगेच जोड द्या.

फ्लक्स रोझिनचा, इलेक्ट्रॉनिक्सचा. नळकामाची आम्लाची पेस्ट नको, त्यातलं झिंक क्लोराइड ट्रेस खात बसतं आणि सहा महिन्यांनी हिरवं दिसतं.

आता वायर. आर च्या जोडाला ३० गेजची, म्हणजे पाव मिलिमीटरची कायनार (पातळ प्लास्टिक वेष्टनाची) वायर वापरा.

भिंगवाला

ताई, त्या ३ मिमीला पाव मिलिमीटरची वायर म्हणजे गल्लीत ट्रक. ०.१ मिमीची इनॅमलची तार पुरते.

डाखवाली

ट्रेस सांधायचा असेल तर पुरते, आणि कनेक्टरजवळच्या तीन ओरखड्यांना तीच हवी, तिथे माझा तुम्हाला पाठिंबा. पण आर ला दोन कामं आहेत: बटणाच्या पायापासून सीपीयूकडच्या टोकाला जोड, आणि त्याच पायावरून किटला वायर. कायनारचा एकच तुकडा असा घ्या की मध्यात २ मिमी सोलून तो भाग बटणाच्या पायावर सोल्डर होईल, एक टोक ट्रेसकडे जाईल, दुसरं किटकडे. एका पायावर एकच जोड.

करंटच्या बाबतीत दोन्ही चालतात. ०.१५ मिमी रुंदीचा आणि ३५ मायक्रॉन जाडीचा ट्रेस म्हणजे साधारण ०.००५ चौरस मिमी तांबं. ०.१ मिमीच्या तारेत ०.००८. केसासारखी दिसणारी तार मूळ ट्रेसपेक्षा जाड आहे. पॉवरच्या रुंद ट्रेसचा हिशोब मात्र वेगळा. दीड मिलिमीटरच्या पट्ट्यात ०.०५ चौरस मिमी असतात, तिथे पाव मिलिमीटरची वायर जेमतेम बरोबरीला येते. तिथे सरळ २४ गेज.

लॅमिंग्टन_लोकल

सामान कुठे मिळेल म्हणून कोणी विचारायच्या आत: मुंबईत ग्रँट रोडहून लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. कायनार मागताना 'वायर रॅपिंग वायर, ३० गेज' म्हणा. इनॅमलची बारीक तार मोटर वाइंडिंगवाल्याकडेही मिळते, पण ती आयर्नच्या उष्णतेने सोलली जाणारी आहे का ते विचारा. पॉलियुरेथेनचं इनॅमल ३८०-४०० अंशांच्या सोल्डरच्या थेंबात दोन-तीन सेकंद बुडवलं की जळून जातं. मोटरच्या तारेवरचं इनॅमल बऱ्याचदा चिवट असतं, ब्लेडने खरवडावं लागतं, आणि ०.१ मिमीची तार खरवडताना अर्धी तुटते.

कार्ट्रिजफुंक्या

टीपी९ साफ, ०.५९ आला. आर चा जोड झाला, पायावर ०.५९. चालू करून पायावर व्होल्टेज: ३.३, बटण दाबलं की ०. आता ओरखडे.

ओहमकार

मस्त. ओरखड्यांना घाई नको, हा भाग नाजूक.

आधी कुठल्या लाइन तुटल्यात ते शोधा. स्क्रीनला रंग समांतर जातात: लाल ५, हिरव्या ५, निळ्या ५, मिळून १५ लाइन, म्हणून ३२,७६८ रंग. बाकी घड्याळाच्या (क्लॉक सिग्नलच्या) आणि स्कॅनच्या. रिबनच्या कनेक्टरच्या पिनांवर डायोड मोडने एकेक मोजत जा. रंगाच्या पंधराही लाइन सारखा आकडा देतात. ज्या ओएल देतील त्या तुटलेल्या.

तुमचं लक्षण बघता लाल लाइनपैकी वरच्या वजनाची एक तरी गेलीय. पाच लाइनची वजनं १६, ८, ४, २, १ अशी असतात. १६ ची गेली की लाल निम्म्यावर येतो आणि उजळत जाणारा रंग मध्येच खाली कोसळतो, म्हणून पट्टे दिसतात. १ ची गेली तर डोळ्याला कळतही नाही. त्यामुळे 'चित्र ठीक दिसतंय' म्हणजे पंधराही लाइन ठीक, असं समजू नका. मीटरनेच बघा.

घड्याळाची लाइन तुटली असती तर रंग बिघडायचा प्रश्नच नव्हता, चित्रच आलं नसतं.

पाचवा_पिन

प्रोबचं टोक कनेक्टरच्या पिनला जाड पडत असेल तर शिवणाची सुई प्रोबला तांब्याच्या तारेने बांधा. पिन अर्धा मिलिमीटरच्या अंतरावर आहेत, दोन पिना एकदम टेकल्या तरी डायोड मोडमध्ये नुकसान नाही, पण आकडा फसवतो.

कार्ट्रिजफुंक्या

दोन ओएल. तिसरी शाबूत आहे, तिच्यावर नुसता मास्क गेलाय, तांबं चमकतंय.

भिंगवाला

तिसरीला सोल्डर लावू नका, शेवटी मास्क टाकला की झालं.

दोन तुटलेल्यांसाठी: ११ नंबरच्या ब्लेडची पाठ वापरा, धार नाही. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन मिमी मास्क खरवडा, ट्रेसच्याच दिशेने. आडवं खरवडलं की शेजारचा ट्रेसही उघडा पडतो आणि मग सोल्डरचा पूल होतो. तांबं गुलाबी दिसायला लागलं की थांबा.

फ्लक्स, मग टोकावर टाचणीच्या टोकाएवढंच सोल्डर घेऊन उघड्या तांब्याला कल्हई करा, म्हणजे सोल्डरचा पातळ थर द्या. ०.१ ची तार चार-पाच सेंटिमीटर लांबच ठेवा, तुकडा कापून ठेवायचा नाही, तो चिमट्यातून उडतो. तारेच्या टोकाला आधी कल्हई करा, ट्रेसवर आडवी ठेवा, लांबची बाजू कॅप्टॉनच्या पट्टीने बोर्डला चिकटवा. एका टोकावर आयर्न एक सेकंद. गोठलं की दुसऱ्या टोकावर. मग जास्तीची तार ब्लेडने दाबून कापा, ओढून नाही.

कनेक्टरचं प्लास्टिक शेजारी आहे, त्यावर कॅप्टॉनचे दोन थर टाका.

सोल्डरसम्राट

हॉट एअरने एकदम होईल ना? फ्लक्स टाकून ३५० अंशांवर फिरवायचा.

डाखवाली

नाही. हवेला तुमचे दोन ट्रेस आणि शेजारचा कनेक्टर यातला फरक कळत नाही. रिबनच्या कनेक्टरचं कुलूप वाकलं की रिबन घट्ट बसत नाही, आणि मग नसलेले ट्रेस शोधत बसाल. हॉट एअर बदलायच्या चिपसाठी. इथे काही उचलायचंच नाहीये.

कार्ट्रिजफुंक्या

दोन्ही जुळले, आकडे जुळले, एकमेकांना शॉर्ट नाहीत. आता झाकायचं कशाने? घरात एम-सील आहे 😅

पाचवा_पिन

एम-सील पाइपाला. इथे यूव्हीने वाळणारा सोल्डर मास्क. टाचणीच्या टोकाने कागदाइतका पातळ थर द्या, यूव्ही टॉर्चखाली पाच-दहा मिनिटं, मग गरज वाटली तर दुसरा थर. जाड थर दिलात तर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि नखाने सोलून निघतो. नेलपॉलिशने तात्पुरतं भागतं, पण पुन्हा तिथे आयर्न लागलं की ते जळून घाण करतं.

कायनारच्या वायरला जोडापासून ५ मिमीवर एक थेंब यूव्ही मास्क किंवा अरल्डाइट द्या, जोडावर नाही. वायर ओढली गेली तर ताण थेंबावर यावा, सोल्डरवर नाही. हॉट ग्लू या बोर्डवर धरत नाही, गुळगुळीत मास्कवरून सुटतो, आणि जाडीमुळे शेल बसत नाही.

ओहमकार

परत बसवायचा क्रम: आधी फक्त रिबन, ब्राइटनेसच्या वायर नाहीत. आयपीएस त्यांच्याशिवाय चालते, फक्त ब्राइटनेस बदलता येत नाही. चित्र पंधरा मिनिटं स्थिर राहिलं की मग एल, आर, सिलेक्ट. सिलेक्टला टीपी२ शाबूत आहे, तिथे आधी पॅडला कल्हई, वायरला कल्हई, मग दोन्ही एका सेकंदात एकत्र. पॅडवर वायर धरून वरून सोल्डर ओतत बसू नका.

ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होऊ लागला तर आधी एल किंवा आर ग्राउंडला अर्धवट टेकतंय का ते बघा, किटला दोष देऊ नका.

भिंगवाला

आणखी एक, धाग्यात कोणी बोललं नाही. आयपीएस मूळ स्क्रीनपेक्षा जास्त करंट ओढते. वीस वर्षांचा पॉवर स्विच आतून काळा असेल तर मूळ स्क्रीनवर निभायचं, आयपीएस लावली की व्होल्टेज तिथेच पडतं. मग नवे सेल असूनही दिवा लाल होतो किंवा चित्र लुकलुकतं, आणि लोक डीसी-डीसी बदलायला निघतात. कन्सोल चालू ठेवून स्विचच्या दोन टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप मोजा. ०.०५ च्या वर असेल तर स्विचमध्ये आयपीए सोडून वीस-तीस वेळा सरकवा. तरी कमी झाला नाही तर स्विच काढून उघडून आतली पट्टी साफ करा किंवा बदला.

कार्ट्रिजफुंक्या

अपडेट. फ्यूज बसला. रिबन जोडली, लाल सरळ, पट्टे गेले. एल, आर, सिलेक्ट तिन्ही चालतात, सिलेक्ट धरून एल-आर ने ब्राइटनेस बदलतो. स्विचवर ड्रॉप ०.२१ होता, आयपीएनंतर ०.०३.

एकच अडचण: जुना गेम बॉयचा गेम घातला की पांढरा पडदा. ॲडव्हान्सचे गेम ठीक.

ओहमकार

कार्ट्रिजच्या खोबणीजवळ एक छोटा स्विच आहे. जुन्या कार्ट्रिजचा आकार तो दाबतो, त्यावरून कन्सोल ८ बिटच्या मोडमध्ये जातो आणि कार्ट्रिजला ३.३ ऐवजी ५ व्होल्ट मिळतात. बोर्ड धुताना जळका फ्लक्स वाहून त्यात गेला असणार. कार्ट्रिज काढून तो हाताने दाबून बघा, टचकन मागे येतो का. चिकट वाटला तर आयपीएचे दोन थेंब आणि दहा वेळा दाबणं. मग जुनं कार्ट्रिज घालून खोबणीच्या पॉवरच्या पिनवर मोजा, ५ च्या आसपास यायला हवेत.

कार्ट्रिजफुंक्या

चिकट होता. आता ४.९. चाललं.

लॅमिंग्टन_लोकल

शेल बंद करताना मागचे सहा स्क्रू तीन पाखांचे, सेलच्या कप्प्यातला एक साधा फिलिप्स. तो आणि आतले तीन एकत्र मिसळू नका, लांबी वेगळी असते. आणि आर ची कायनार शेलच्या खांबाखालून जात नाही ना ते बघून मगच आवळा.